‘अधांतर’ : रिकाम्या हातांचे नाटक

बेकारीवर लिहिणाऱ्या लेखकापुढे एक मोह नेहमी उभा असतो. विझलेली चूल दाखवावी, भुकेले पोर रडवावे आणि वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणून मोकळे व्हावे. जयंत पवार यांनी ‘अधांतर’ (१९९७) मध्ये हा मोह टाळला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. त्यानंतरच्या गिरणगावातील चाळीतली एक खोली हे या नाटकाचे विश्व. थोरला बाबा लेखक होण्याची स्वप्ने पाहतो, मोहनचा जीव क्रिकेटमध्ये अडकलेला, नरू टोळीच्या वाटेला लागलेला, आणि आई हे सारे सावरू पाहते. भोंगा हेच ज्या वस्तीचे घड्याळ होते, तेथे तो थांबल्यावर माणसाचा वेळच नासतो, हे पवारांनी अचूक ओळखले आहे. भावंडांची भांडणे वरवर क्षुल्लक वाटतात. पण ज्यांच्या हातांना काम नाही, त्यांनी एका खोलीत एकमेकांना दुसरे द्यावे तरी काय?

एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटींचा हक्क देणाऱ्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने संपकऱ्यांची कोंडी कशी केली, याची सविस्तर मीमांसा येथे नाही. काहींना ही उणीव वाटेल; आम्हांस ती वाटत नाही. कायद्याची कलमे फायलींत सापडतात. त्यांचा भार ज्या घरावर पडतो, ते घर फायलीत सापडत नाही.

या नाटकावरून महेश मांजरेकर यांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ हा चित्रपट काढला. त्यात रक्तपात पुढे आला आणि रिकामपणाचा मुका जाच मागे पडला, असे आमचे मत आहे. नरूलाच विषय केले की बेकारी म्हणजे गुन्हेगारीची जननी, असा सोपा निष्कर्ष निघतो; आणि कोणालाही न मारता नुसती वाया जाणारी बाबा-मोहनसारखी माणसे नजरेआड होतात.

रजेवर मुंबईस जाणाऱ्या आमच्या वाचकांस लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात आज झगझगीत दुकाने दिसतात. एक तारखेला नेमाने पगार हाती पडणाऱ्या आपणांसारख्यांनी तेथे जाण्यापूर्वी हे नाटक वाचावे. त्या झगमगाटाखाली कोणाचे दिवस गाडले गेले, ते मग वेगळे सांगावे लागणार नाही.