रिकामा डोंगर

मायकेल चिमिनोचा ‘द डिअर हंटर’ (1978) मी तिसऱ्यांदा पाहिला तो केवळ शिकारीच्या प्रसंगांसाठी. व्हिएतनाम, रशियन रूलेट, पाच ऑस्कर यांबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मला खटकत होता तो डोंगर.

पेनसिल्व्हेनियातल्या क्लेअरटनचे पोलाद कारखान्यातले मजूर मित्राचे लग्न उरकून हरणाच्या शिकारीला निघतात आणि पोचतात ते थेट बर्फाळ सुळक्यांखाली, धुक्यात, चर्चमधल्या समूहगानाच्या साथीने. ही दृश्ये चित्रित झाली वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतात, देशाच्या दुसऱ्या टोकाला. पेनसिल्व्हेनियाचे डोंगर बुटके, झाडीने भरलेले. तिथले हरीण पांढऱ्या शेपटीचे, पडद्यावरचे तसे नाही. एवढी सूट दिग्दर्शकाला द्यायला माझी ना नाही. माझी हरकत ही की त्या डोंगरावर दुसरा शिकारीच नाही.

स्वतःचे रान नसलेला मजूर तिथे शिकारीला जातो कुठे? बहुधा सरकारी शिकारभूमीवर. पेनसिल्व्हेनियात अशी सुमारे 15 लाख एकर जमीन आहे, परवाना असलेल्या कुणालाही खुली. रायफलीचा हंगाम कित्येक दशके ‘थँक्सगिव्हिंग’नंतरच्या सोमवारी उघडत असे (2019पासून शनिवारी), आणि त्या सोमवारी अनेक शाळांना सुट्टी. अंधारातच गाड्यांच्या रांगा लागतात. डोक्यावर, छातीवर, पाठीवर मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड सक्तीचे, कारण भीती शेजारच्या बंदुकीची असते. हरणेही शहाणी होतात. दाट झुडपात दडतात, रात्रीची हिंडतात. मग जाणता शिकारी हरणापेक्षा माणसांचा माग आधी काढतो. गाडीतळावरून लोक कुठून आत शिरतील, बुजलेले हरीण कोणत्या वाटेने निसटेल, हे हेरून तो आधीच तिथे जाऊन बसतो. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या शिकारीत हाका उठवायला गावची माणसे लावत. इथे जो तो नकळत दुसऱ्याचा हाकारा. लोकशाहीचा याहून विनोदी दाखला मला ठाऊक नाही.

आता मायकेलचे व्रत पाहा. हरीण एकाच गोळीत पडले पाहिजे, दुसरी झाडणे म्हणजे विटाळ. युद्धावरून परतल्यावर तो हरणावर नेम धरतो, पण गोळी हवेत सोडतो. रॉबर्ट डी नीरोचा तेव्हाचा चेहरा विसरता येत नाही. पण हंगामाच्या पहिल्या सकाळी सरकारी रानात असे सोडलेले हरीण पुढच्या टेकाडाआडच्या माणसासमोर जाऊन उभे राहिले असते. मायकेलला जीवदान देता येते, कारण जीव घेण्याचा हक्क तिथे त्याच्या एकट्याचा आहे. चिमिनोने मजुराला राजाचे रान दिले आहे. टोबायस वुल्फच्या ‘हंटर्स इन द स्नो’ या कथेत तिघे मित्र शिकारबंदीच्या पाटीपाशी अडतात आणि शेतकऱ्याची परवानगी मागायला जातात. कथा कितीही भेसूर झाली तरी तिथल्या जमिनीला मालक आहे, हे वुल्फ विसरत नाही.

आणि गर्दी चित्रपटातही आहेच. सायगावच्या जुगारी अड्ड्यात ती टेबलाभोवती नोटा नाचवते. तिथेही एकच गोळी. डोंगरावरून हाकललेली गर्दी बहुतेक आशियाई चेहऱ्यांची होऊन परत येते. मागच्या दोन वेळा हे मला दिसले नव्हते. या वेळी दिसले आणि चित्रपटावरचा माझा लोभ बराच आटला.

हे केवळ समीक्षकाचे खुसपट नाही. 2004च्या नोव्हेंबरात, ऐन हंगामात, विस्कॉन्सिनच्या जंगलात एक ह्मोंग शिकारी दुसऱ्याच्या खासगी जमिनीवरच्या मचाणावर बसला. वाट चुकलो, हे त्याचे म्हणणे. मालकाच्या बाजूची माणसे आली, शब्दाला शब्द वाढला आणि सहा जण मेले. आपल्याला वंशावरून शिव्या दिल्या, पहिली गोळी समोरून आली, असे तो सांगत राहिला. 2005मध्ये तो सहाही खुनांत दोषी ठरला. लाओसमधले हजारो ह्मोंग त्याच युद्धाच्या काळात अमेरिकेच्या बाजूने लढले होते आणि नंतर निर्वासित म्हणून विस्कॉन्सिन-मिनेसोटात आले. तिथे पोरांना घेऊन तेही नोव्हेंबरात नारिंगी जाकिटे चढवून रानात जातात. चिमिनोच्या तीन तासांच्या चित्रपटात लाओस कुठेच नाही.