दिलगिरीचे वाङ्मय

आपल्याकडे मोर्चातील घोषणांचा, जाहीरनाम्यांचा, पत्रकांचा विचार वाङ्मय म्हणून होऊ लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु त्या घोषणांना प्रस्थापितांकडून जे उत्तर येते ते मात्र आपण सहसा वाचीत नाही. कंपनीचे निवेदन, मंत्र्याचा खुलासा, पुस्तकातली तळटीप, विधिमंडळातले वा संसदेतले लेखी उत्तर, हे सारे आपण वर्तमानपत्रात पाहतो, 'माफी मागितली' एवढे मनाशी नोंदवतो आणि पुढच्या मोर्चाच्या तयारीला लागतो. वास्तविक हे वाङ्मय फार विचारपूर्वक लिहिलेले असते. एखाद्या नवकवीने आपल्या कवितेतला शब्द जितका पारखून घेतला नसेल तितका यातला शब्द पारखलेला असतो. तेव्हा त्याची समीक्षाही तितक्याच कठोरपणे झाली पाहिजे.

५ जून २०२३ च्या जागतिक पर्यावरण दिनाला झोमॅटो या घरपोच अन्न पोचविणाऱ्या कंपनीने एक जाहिरातपट काढला. आशुतोष गोवारीकर यांच्या २००१ सालच्या 'लगान' चित्रपटातील कचरा हे पात्र, ती भूमिका करणाऱ्या त्याच नटासह, त्यात पुन्हा अवतरले होते. मात्र या वेळी कचरा माणूस नव्हता. तो दिवा होता, कागद होता, झाडांना पाणी घालायची झारी होता, अंगात घालायचे जाकीट होता. टाकाऊ मालापासून किती उपयुक्त वस्तू होतात हे लोकांना हसतखेळत सांगावे असा हेतू. आणि हसायचे कशाला, तर कचरा नावाचा माणूस हाच कचरा, या कोटीला.

ही कोटी जाहिरातवाल्यांच्या सुपीक डोक्यातून निघाली असे ज्यांना वाटते त्यांनी मनुस्मृतीचा दुसरा अध्याय काढून पाहावा. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलयुक्त, वैश्याचे धनयुक्त आणि शूद्राचे नाव जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे, असा दंडकच तेथे घालून दिला आहे. कचरू, धोंडू, दगडू ही नावे मुले जगत नाहीत म्हणून इतर जातींतही ठेवली जात, हे खरे. पण तिथे ते नाव मृत्यूला चकविण्यासाठी असे. आपल्या वस्तीत ते नाव माणसाला त्याची पायरी दाखविण्यासाठी असे आणि गावाने हाक मारली की त्याची खूण पटत असे. 'लगान'च्या लेखकांनी ही परंपरा नेमकी उचलली. कंपनीने तिच्यावर नफ्याचा विनोद केला.

'लगान'बद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण त्या चित्रपटाला पुरोगामी म्हणून डोक्यावर घेणारे पुष्कळ आहेत. कथानक १८९३ सालचे. कचरा अस्पृश्य आहे, हाताने अधू आहे आणि जवळजवळ मुका आहे. त्याच्या बाजूने बोलायचे ते नायकाने. त्याचा चेंडू वळतो तो त्याच्या कौशल्याने नव्हे, हाताच्या व्यंगामुळे. म्हणजे अस्पृश्याचा गुणदेखील दैवाची कृपा! त्याच दशकात पुण्यात बाळू पालवणकर नावाचा चांभार समाजातला तरुण साहेबांच्या क्लबात डाव्या हाताने फिरकी टाकीत होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हाताला कसलेही व्यंग नसताना, केवळ सरावाने. हिंदू संघाने त्याला खेळवले, कर्णधारपद मात्र त्याला कधी दिले नाही. इतिहासातला फिरकी गोलंदाज हा असा होता. पडद्यावर मात्र मुका कचरा आला. मुक्या पात्राची झारी करणे सोपे जाते.

असो. जाहिरातीवर ओरड झाली. दलित लेखक-कलावंतांनी निषेध केला, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने कंपनीला नोटीस काढली. तीनचार दिवसांत जाहिरात मागे घेतली गेली आणि एक निवेदन आले. त्याचा आशय असा: प्लास्टिक कचऱ्याच्या पुनर्वापराबद्दल विनोदाच्या अंगाने जागृती करावी हा आमचा उद्देश होता; अनवधानाने काही समाजांच्या व व्यक्तींच्या भावना कदाचित दुखावल्या गेल्या असतील; आम्ही चित्रफीत काढून घेतली आहे.

या निवेदनातला एकेक शब्द हाती घेऊन पाहा. 'अनवधानाने' हा शब्द सहज आलेला दिसतो. पण १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक ठिकाणी केलेल्या अपमानाचा गुन्हा हेतूवर उभा आहे. अपमान हेतुपुरस्सर हवा, मानखंडना करण्याच्या इराद्याने केलेला हवा. ज्याने 'अनवधानाने' लिहिले त्याने हा कायदा वाचला होता की नाही ते मी सांगू शकत नाही, परंतु कायदा वाचलेल्या माणसानेही हाच शब्द निवडला असता. 'कदाचित' या शब्दाने जखम झाली की नाही हेच संशयात टाकले. 'काही समाज' या शब्दाने कोणता समाज हे सांगायचे टाळले. जातीवरून अपमान झाला आणि दिलगिरीत जातीचे नावही नाही. आणि राहिला चौथा शब्द, 'भावना'. सगळ्यांत घातकी शब्द हा आहे.

घातकी अशासाठी की त्याने गुन्ह्याची जागा बदलते. कृत्य जाहिरातीत घडले होते. निवेदनाने ते उचलून आपल्या मनात आणून ठेवले. आता दोष जाहिरातीचा उरत नाही. आपण हळवे आहोत, एवढेच उरते. तपासायचे असते कंपनीचे कार्यालय. ज्या बैठकीत ही कल्पना मंजूर झाली तिथे कोण बसले होते, कोणाला त्यात काही खटकले नाही, आणि खटकेल असा एकही माणूस त्या टेबलाभोवती का नव्हता, हे प्रश्न मग विचारलेच जात नाहीत. भावनेवर फुंकर घातली की प्रकरण मिटते.

शासनाच्या हातात हाच शब्द गेला की काय होते ते महाराष्ट्राने १९८७-८८ मध्ये पाहिले आहे. राज्याच्या शिक्षण खात्याने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड १९८७ मध्ये काढला. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' होते आणि राम-कृष्णांसंबंधीचे परिशिष्ट होते. मराठा महासंघ आणि शिवसेना उठली. हिंदूंच्या भावना दुखावल्या, हीच त्यांची भाषा होती. शंकरराव चव्हाणांच्या सरकारने परिशिष्ट गाळण्याची तयारी दाखवली. तेव्हा दलित जनता मुंबईच्या रस्त्यावर आली. ५ फेब्रुवारी १९८८ चा तो मोर्चा. गट-तट विसरून लोक आले होते. सरकारने मग तोड काढली. परिशिष्ट राहील, पण त्याखाली, यातील मतांशी शासन सहमत नाही, अशा अर्थाची टीप छापली जाईल.

ती टीप म्हणजे शासकीय वाङ्मयातला एक अजोड नमुना आहे. हजारो पानांच्या या मालेत शासनाला आपली सहमती-असहमती नोंदवावीशी वाटली ती नेमकी या जागी. बाबासाहेबांनी पुरावे देऊन प्रश्न विचारले होते. त्या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर टिपेत नाही. रामायणाचा दाखला चुकीचा आहे, असे शासन म्हणत नाही. ते फक्त सहमत नाही. पुरावा आणि भावना एका तराजूत घातल्या की असेच होते. तराजू धरणारा मधोमध उभा राहतो आणि आपण निःपक्षपाती आहोत असे सांगतो. मोर्चाने परिशिष्ट वाचवले, हा विजय लहान नव्हता. पण वाद भावनेच्या तराजूवर निघाला हे मात्र वाईट झाले, कारण पुढे आपणही त्याच तराजूवर आपले माप टाकू लागलो.

२०१२ चे व्यंगचित्र प्रकरण आठवावे. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र होते: राज्यघटना गोगलगायीच्या गतीने चालली आहे, बाबासाहेब तिच्यावर बसले आहेत, हातात चाबूक घेतलेले नेहरू मागे आहेत. दलित विद्यार्थ्याने वर्गात हे चित्र कसे पाहावे, हा प्रश्न रास्तच होता, आणि त्याला पांढरपेशा विद्वानांनी 'विनोदबुद्धीचा अभाव' म्हणून झिडकारले ते त्यांच्या वर्गाला शोभणारेच होते. परंतु संसदेत मे महिन्यात जे घडले ते वेगळे होते. सर्व पक्षांचे खासदार एकाएकी बाबासाहेबांच्या सन्मानासाठी उभे राहिले. कपिल सिब्बल यांनी माफी मागितली. योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले. पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयावर हल्लाही झाला. पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिने त्या एका चित्रापुरते न थांबता राजकारण्यांवरची इतर कित्येक व्यंगचित्रेही काढायला सांगितली. एम. एस. एस. पांडियन या एकट्या सदस्याने भिन्नमत नोंदवले. आपल्या दुखावलेल्या भावनेचा धनादेश खासदारांनी स्वतःच्या खात्यावर वटवून घेतला, असे मी म्हणतो तेव्हा काही कार्यकर्ते रागावतात. रागावोत. त्या वर्षी देशातल्या किती शाळांत दलित मुलांना पोषण आहाराच्या पंगतीत वेगळे बसवले जात होते यावर संसदेने असा एक दिवस खर्च केला असता तर मी माझे म्हणणे मागे घेतले असते.

ओरडीला दिलेल्या उत्तराची खरी रीत कळायची असेल तर पुन्हा त्याच कंपनीकडे यावे लागेल. मार्च २०२४ मध्ये तिने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी स्वतंत्र पोऱ्यांचा ताफा जाहीर केला. हे पोरे केवळ शाकाहारी खाणावळींतले अन्न नेणार, त्यांचा पोशाख आणि पेटी हिरवी असणार, इतरांची लाल. का, तर मांसाहाराचा वास पेटीत राहतो, अशी ग्राहकांची तक्रार. विटाळ हा शब्द कोणी उच्चारला नाही. आता त्याला वास म्हणतात. लगेच ओरड झाली: लाल सदऱ्यातल्या पोराला सोसायटीच्या फाटकावर अडवतील, घर भाड्याने देताना जे चालते तेच आता जिन्यावर चालेल. दुसऱ्याच दिवशी कंपनीने हिरवा रंग मागे घेतला. सगळे लालच घालतील. ताफा मात्र वेगळाच राहील. फक्त तो वेगळा आहे हे बाहेरून ओळखू येणार नाही.

यावर टाळ्या पडल्या. कंपनीने ऐकले म्हणून कौतुक झाले. ऐकले ते काय? विभागणी नको, हे ऐकले नाही. विभागणी दिसायला नको, एवढे ऐकले. जाहिरातीच्या वेळी चित्रफीत गेली, इथे रंग गेला. दोन्ही वेळा खूण पुसली गेली आणि खुणेमागची मांडणी तशीच राहिली. पूर्वी गळ्यातले मडके आणि कमरेची फांदी लांबून दिसत असे, म्हणून तिच्याविरुद्ध बोलता येत असे. न दिसणाऱ्या विभागणीविरुद्ध मोर्चा कुठे न्यायचा?

पुनर्वापराची जागृती करणाऱ्या त्या जाहिरातीत पुनर्वापर करणारे कोणी नव्हते, हेही इथेच सांगून टाकतो. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. कचरा वेचणाऱ्या बायांची ही संघटना. त्यातल्या बहुतेक दलित. ओळखपत्र, घरोघरचा कचरा गोळा करण्याचा हक्क, महापालिकेशी करार, असे एकेक पाऊल त्यांनी भांडून मिळवले. प्लास्टिकचे काय होते हे जाहिरातदाराला जाणून घ्यायचे असते तर या बायांनी त्याला तासाभरात शिकवले असते, आणि त्यात विनोदही पुष्कळ असता. फक्त तो त्यांच्यावरचा नसता.

आणि जिथे ओरडच होत नाही तिथे उत्तर काय असते? जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत हाताने मैला साफ करताना झालेल्या मृत्यूंबद्दल विचारले गेले. केंद्रातील राज्यमंत्री रामदास आठवले यांच्या उत्तराचा अर्थ असा होता की अशा कामाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. कारण गटारात वा सेप्टिक टाकीत उतरून गुदमरणे ही २०१३ च्या कायद्याप्रमाणे निराळी गोष्ट, 'धोकादायक सफाई'. म्हणजे माणूस मेला, पण ज्या रकान्यात मेला तो रकाना वेगळा. हे उत्तर पँथरच्या चळवळीतून पुढे आलेल्या माणसाच्या तोंडून यावे, यावर भाष्य करण्याची मला गरज वाटत नाही. या उत्तरात कोणाच्या भावना दुखावल्याबद्दल खेदही नाही, कारण कोणाच्या भावना दुखावल्याची तक्रारच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये द्यायला सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. ते निकाल मिळाले ते सफाई कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आणि इतर अर्जदारांनी मृत्यूंची मोजदाद व कायद्याची कलमे घेऊन वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरे झिजवल्यामुळे. गटाराच्या तोंडाशी उभे राहून 'आमच्या भावना' म्हणण्याची सोयच नसते. तिथे दोरी, यंत्र, ठेकेदाराचे नाव, मजुरीची पावती एवढेच मागता येते.

ही मागण्याची रीत आपल्याला नवी नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. सवर्णांनी गोमूत्र-शेणाने तळे शुद्ध करून घेतले आणि ओरड केली. ती ओरड ऐकून ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. नगरपालिकेने ओरडीला कसा प्रतिसाद दिला याचे आपल्या इतिहासातले हे एक ठळक उदाहरण, आणि ओरड कोणाची हे पाहून ती दिला गेला हेही. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा तळ्यावर कोर्टाचा मनाई हुकूम होता. मनुस्मृती जाळली गेली ती त्याच मुक्कामात, २५ डिसेंबरला. जुगुप्सित नावांचा दंडक असलेली तीच मनुस्मृती. पण तळ्याचा दावा बाबासाहेबांनी सोडला नाही. सवर्णांचे म्हणणे, तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही पुरातन वहिवाट आहे. न्यायालयात मग दोनच गोष्टी तपासल्या गेल्या: तळे कोणाच्या मालकीचे, आणि वहिवाट खरोखर पुरातन आहे काय. तळे नगरपालिकेचे ठरले. वहिवाट सिद्ध झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला, पहिल्या सत्याग्रहानंतर दहा वर्षांनी.