दुसऱ्या मालकाचा लॅपटॉप

लॅपटॉपचा रिव्ह्यू साधारण पहिल्या आठवड्यात येतो. खोका उघडला, दोन-चार बेंचमार्क चालवले, स्क्रीनकडे बघून ‘वाह’ म्हटलं की व्हिडिओ तयार. फोनच्या बाबतीत हे एक वेळ चालून जातं, कारण तीन वर्षांत तो आपण बदलणारच असतो. पण जे यंत्र ‘कामाचं’ म्हणून विकलं जातं, ज्याची किंमत पहिल्या दिवशी एखाद्या दुचाकीच्या वर असते, त्याची समीक्षा दहाव्या वर्षी करावी असं मला वाटतं. तोवर पहिला मालक निघून गेलेला असतो आणि जाहिरातीतली विशेषणंही गळून पडलेली असतात.

हा पहिला मालक म्हणजे बहुतेक वेळा माणूस नसतोच. ती एक कंपनी असते. ती असे लॅपटॉप शेकड्यांनी घेते, तीन-चार वर्षं वापरते आणि सोडून देते. मग ते दिल्लीच्या नेहरू प्लेसला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, बंगळुरूच्या एस. पी. रोडला येतात. पुसूनपासून, ‘रिफर्बिश्ड’ची चिठ्ठी लावून. तिथून ते अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या पोरांकडे, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांकडे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांकडे जातात. मीही अशीच दुसरी मालकीण. यंत्र आहे लेनोवोचा थिंकपॅड पी५०. तो २०१५ साली आला, आणि लॅपटॉपसाठी बनवलेला इंटेलचा झिऑन प्रोसेसर ज्यात पहिल्यांदा मिळू लागला त्या मोजक्या यंत्रांपैकी तो एक.

या जातीला ‘मोबाइल वर्कस्टेशन’ म्हणतात. वर्कस्टेशन हा शब्द १९८०च्या दशकात सन, अपोलो, सिलिकॉन ग्राफिक्स यांच्या यंत्रांमुळे रूढ झाला. इंजिनिअरच्या किंवा शास्त्रज्ञाच्या टेबलावर ठाण मांडून बसणारा, घरगुती पीसीपेक्षा कितीतरी ताकदवान संगणक. १९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’मधले संगणकावर घडवलेले डायनोसॉर सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर जन्मले. त्या शब्दाच्या आधी ‘मोबाइल’ लावणं म्हणजे घरघंटीला मूठ बसवून तिला पिशवी म्हणण्यासारखं आहे. पी५०चं वजन अडीच किलोपासून सुरू होतं. वर १७० वॅटचा अडॅप्टर, जो आकाराने आणि स्वभावाने विटेसारखा.

तरी मला हे यंत्र आवडतं, आणि का आवडतं ते आधी सांगते.

रॅमच्या चार जागा, एकूण ६४ जीबीपर्यंत. स्टोरेजसाठी दोन छोटे एम.२ आणि एक जुन्या मापाचा ड्राइव्ह. बॅटरी खालून खटके सरकवून निघते, त्यासाठी कोणाकडे जावं लागत नाही. तळाचं झाकण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट यंत्राच्या आत नाहीच: कंपनी याचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल सर्वांसाठी फुकट ठेवते. कुठला स्क्रू कुठे, कुठली केबल आधी काढायची, सगळं चित्रांसकट. तुमच्या हातातला फोन गोंदाने चिकटवलेला आहे आणि त्याची बॅटरी बदलायची तर हीट गन लागते. ते लक्षात घेतलं की या पीडीएफची किंमत कळते. थिंकपॅडचं मूळ रूप रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरने १९९२ साली घडवलं, जपानी बेंटोचा डबा डोळ्यासमोर ठेवून. बंद असताना साधा काळा चौकोन, उघडल्यावर आत नीट मांडलेले कप्पे. सॅपर २०१५च्या शेवटच्या दिवशी गेले. त्यांच्या डब्याची कल्पना पी५०च्या वरच्या बाजूपेक्षा तळाकडून जास्त शाबूत आहे.

एक खोट मात्र इथेच. चारपैकी दोन रॅम तळाचं झाकण काढलं की हाताला लागतात, उरलेल्या दोन कीबोर्डखाली. त्यासाठी कीबोर्ड उचकटावा लागतो. पहिल्या मालकाला याने काही फरक पडत नाही, तो रॅम कारखान्यातूनच भरून घेतो. दुसरा मालक मात्र पैसे साठतील तशी एकेक पट्टी विकत घेतो. चारही जागा एकाच झाकणाखाली आणणं सोपं नाही, मदरबोर्डच्या दोन्ही बाजू वापरल्या की असंच होणार. पण निदान रिकाम्या जागा तळाकडे आणि भरलेल्या जागा कीबोर्डखाली, एवढा क्रम तरी कंपनीला पाळता येईल.

आता मनगटापाशी या. हात टेकवायच्या जागेवर एक छोटी काचेची खिडकी असते. काही यंत्रांत, कारण ती ऐच्छिक होती. तो रंग मोजणारा सेन्सर आहे. प्रोग्रॅम सुरू करायचा, झाकण मिटायचं, मिटलेल्या अंधारात स्क्रीन एकामागून एक रंग दाखवतो, सेन्सर ते वाचतो आणि स्क्रीनचे रंग दुरुस्त होतात. ही युक्ती २००८च्या डब्ल्यू७०० या अजस्र थिंकपॅडपासून चालत आली. त्या यंत्रात तर मनगटाखाली वॅकॉमची रेखाटनपाटीही होती, आणि त्याच्या एका भावंडात बाजूने सरकून बाहेर येणारा दुसरा स्क्रीन. हौसेला मोल नसतं ते असं.

पुढच्या पिढ्यांत कंपनी रंग कारखान्यातच जुळवून देऊ लागली आणि ही खिडकी बुजली. नव्या यंत्रासाठी ते पुरेसं आहे. पण स्क्रीनचा मागचा प्रकाश वर्षागणिक मंदावतो, त्याची छटा बदलते. कारखान्यातली जुळवणी एका दिवसाची असते. सहाव्या वर्षी पोस्टर डिझाइन करणाऱ्याला छपाईत आलेला भगवा आणि पडद्यावरचा भगवा वेगळा का दिसतो याचं उत्तर ती देऊ शकत नाही. हा सेन्सर परत आणा, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी कीबोर्डची, आणि इथे मी जरा भांडणार आहे.

पी५०च्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचे स्वतंत्र खटके आहेत, म्हणजे नंबरपॅड. पंधरा इंची यंत्रात तो बसवायचा तर अक्षरांचा संच डावीकडे सरकतो. पाठोपाठ टचपॅड आणि लाल ट्रॅकपॉइंटही सरकतो. स्क्रीन मात्र मध्येच. मग टाइप करणारा माणूस एक तर शरीर डावीकडे नेतो आणि मान उजवीकडे वळवतो, किंवा सरळ बसून दोन्ही हात तिरके नेतो. इनस्क्रिप्टवर मराठी लिहिणाऱ्यांना माहीत असेल, त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. म्हणजे जास्त वळसा घालणाऱ्या हातालाच जास्त काम. टेबलावर वेगळा कीबोर्ड असेल तर हा प्रश्न येत नाही. पण मग ‘मोबाइल’ कशाला म्हणायचं?

हे नेहमीच असं नव्हतं. २०११चा डब्ल्यू५२० आणि २०१२चा डब्ल्यू५३० यांचे कीबोर्ड मध्यभागी होते. २०१३च्या डब्ल्यू५४०ने नंबरपॅड आणला, आणि जोडीला आणखी एक करामत केली: टचपॅडची वेगळी बटणंच काढून टाकली, सगळा पत्रा मिळून एकच बटण. थ्री-डीच्या आणि कॅडच्या कामात मधलं बटण म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. ब्लेंडरमध्ये वस्तूभोवती फिरून बघायचं तर तेच दाबून धरायचं असतं. ज्यांच्यासाठी यंत्र बनवलं त्यांचंच बोट कापल्यासारखं झालं. पुढच्या डब्ल्यू५४१मध्ये बटणं निमूटपणे परत आली. पी५०मध्ये तर ती टचपॅडच्या वरही आहेत आणि खालीही, तीन-तीन. म्हणजे बदलता येतं. नंबरपॅडचं मात्र तसं झालं नाही. तो २०२२च्या पी१६मध्येही तिथेच आहे.

‘काहींना आकडे लागतात’ हे उत्तर मला मान्य आहे. हिशेबनीसांना लागतात, मोजणीची आकडेवारी भरणाऱ्या सिव्हिल इंजिनिअरला लागतात. पण फ्रेमवर्क नावाच्या छोट्या कंपनीने सोळा इंची लॅपटॉपमध्ये कीबोर्ड सुटा ठेवला आहे. हवा तर मध्यभागी बसवा, हवा तर सरकवून शेजारी नंबरपॅड लावा. एवढ्याशा कंपनीला जमतं ते जगातल्या सगळ्यात मोठ्या पीसी कंपनीला जमू नये?

वॅटकडे वळू. पी५०ची मोठी बॅटरी ९० वॅट-तासांची. अडॅप्टर १७० वॅटचा. यंत्राने अडॅप्टरएवढी वीज खरोखर खाल्ली तर ९० भागिले १७०, म्हणजे जेमतेम बत्तीस मिनिटं. तसं होत नाही, कारण प्लग काढला की यंत्र स्वतःला आवरून घेतं. पण म्हणजेच जाहिरातीतली ताकद भिंतीला बांधलेली आहे. पी१६मध्ये अडॅप्टर २३० वॅटचा झाला, बॅटरी ९४ वॅट-तासांची. भूक साठने वाढली, डबा चारने. यात कंपनीचा फारसा दोष नाही. विमानात सोबत न्यायच्या बॅटरीला, विमान कंपनीची वेगळी परवानगी नसेल तर, १०० वॅट-तासांची मर्यादा असते. सगळे लॅपटॉप त्या छताला डोकं टेकवून उभे आहेत.

दोष आहे तो हे न सांगण्याचा. त्यात तापमानाची भर घाला. थिंकपॅडच्या पुस्तिकेत यंत्र चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असं दिलेलं असतं. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात पंख्याखालच्या खोलीत ३५ अंश ही सकाळची गोष्ट. पंखा चिपची उष्णता खोलीच्या हवेत टाकतो आणि किती टाकू शकतो ते दोघींच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. चिप १०० अंशांना अडते असं धरा. खोली २५ची असेल तर फरक ७५चा, खोली ४५ची असेल तर ५५चा. त्याच पंख्याची, त्याच तांब्याच्या नळ्यांची क्षमता साधारण पावपट घटली. पी५०मध्ये दोन पंखे एकमेकांना जोडलेले आहेत, एकट्या प्रोसेसरवर ताण असला तरी दोन्ही मिळून उष्णता ओढतात. ही चांगली रचना आहे. पण गणित तिलाही चुकत नाही.

म्हणून खोक्यावर ‘अमुक गिगाहर्ट्‌झपर्यंत’ असं लिहिण्याऐवजी तीन आकडे छापावेत: सलग एक तास काम केल्यावर किती वॅट टिकतात, तेच चाळीस अंशांच्या खोलीत किती, आणि तेच बॅटरीवर किती. रेंडर तासन्‌तास चालतो, पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या उसळीचा त्याला उपयोग नाही. आपण पंख्यावर आणि फ्रिजवर तारे बघून घेतो. दीड-दोन लाखांच्या यंत्राबद्दल एवढं विचारायला हरकत नसावी.

ग्राफिक्सचं दुखणं सगळ्यात खोल आहे. पी५०मध्ये ६४ जीबी रॅम घालता येते, पण क्वाड्रो एम२०००एम या ग्राफिक्स चिपकडे स्वतःची मेमरी ४ जीबी, आणि ती चिप मदरबोर्डला कायमची डकवलेली. दहा वर्षांत बाकी सगळं वाढवता आलं. जे सगळ्यात लवकर जुनं झालं तेवढंच बदलता येत नाही. त्याच सुमाराच्या डेल प्रिसिजन ७५१०मध्ये ग्राफिक्स कार्ड वेगळं निघत असे. प्रत्येक कंपनीचा आकार आणि सॉफ्टवेअर वेगळं, त्यामुळे नवं कार्ड बसेलच याची खात्री नसायची, पण दार तरी होतं. फ्रेमवर्कने २०२५ साली आपल्या आधीच्या सोळा इंची लॅपटॉपसाठी नवं ग्राफिक्स मॉड्यूल आणून हे अजून शक्य आहे हे दाखवलं. पी१६सारख्या जाड, जवळपास तीन किलोच्या यंत्राला ‘जागा नाही’ हे कारण देता येणार नाही. बारीक पी१ने ते द्यावं, त्याचा जन्मच त्यासाठी आहे.

विंडोज ११ पी५०ला अधिकृतपणे चालत नाही, प्रोसेसर दोन पिढ्यांनी जुना पडतो. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लिनक्स टाकला की यंत्र पुन्हा तरणं होतं आणि ब्लेंडर तिथेही उत्तम चालतं. अडोबीवाल्यांची मात्र पंचाईत आहे.

शेवटची मागणी फक्त दुसऱ्या मालकाची. थिंकपॅडमध्ये सुपरवायझर पासवर्ड नावाचं कुलूप असतं. कंपन्या ते चोरीच्या भीतीने लावतात, ते योग्यच आहे. पण यंत्र विकताना ते काढायला विसरल्या तर नव्या मालकाला आतल्या सेटिंग बदलता येत नाहीत, आणि अधिकृत इलाज एकच: अख्खा मदरबोर्ड बदला. एका विसरलेल्या शब्दापायी धडधाकट यंत्राचं काळीज काढायचं. यावर उपाय अवघड नाही. जुन्या मालकाने ‘मी हे सोडलं’ अशी एकदा नोंद करायची, यंत्राने सगळी कुलपं आणि सगळा डेटा पुसून कोऱ्या अवस्थेत यायचं. फोनमध्ये खात्यातून बाहेर पडून रीसेट करतो, तसंच.

तोवर दुकानात असं यंत्र बघायला गेलात तर स्क्रीनच्या चमकेवर जाऊ नका. ते बंद करा, पुन्हा चालू करा, लोगो दिसताच एफ१ दाबा. पासवर्ड मागितला तर दुकानदार कितीही गोड बोलला, तरी दुसरा नग दाखवायला सांगा.