फुग्यातली मराठी

शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी बेळगुंदीहून बेळगावच्या बाजाराला जातो. परतताना पिशवीत भाजी असते आणि भाजीच्या खाली, कोणाला चटकन दिसू नयेत अशा बेताने, चार-दोन चित्रकथा. काही कोऱ्या, काही जुन्या बाजारातल्या. रविवारी त्या वाचायच्या आणि सोमवारी ग्रंथालयाच्या कपाटात ठेवायच्या की नाही ते ठरवायचे, हा माझा अनेक वर्षांचा नेम आहे. एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाने कॉमिक्सचे परीक्षण करीत बसावे हे काही स्नेह्यांना पोरकट वाटते. वाटो. आमच्या भागातले मूल परीक्षेच्या धाकावाचून, आपण होऊन जी मराठी वाचते ती बहुतेक चित्रांच्या शेजारी छापलेली असते. मग ती कशी आहे हे कोणीतरी पाहायला नको काय?

प्रारंभी माझी कसोटी सोपी होती. बोध आहे? कपाटात. नाही? रद्दीत. या न्यायाने अमर चित्र कथा सरसकट उत्तीर्ण आणि इंद्रजाल सरसकट नापास. एका पालकाने दिलेला इंद्रजालच्या मराठी अंकांचा अख्खा गठ्ठा मी याच न्यायाने वाटेला लावला. मौज अशी, की दोन्ही घरांच्या पायाभरणीला एकच गृहस्थ होते. अनंत पै हे कारकळचे, कोकणी घरातले. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली इंद्रजाल सुरू केले तेव्हा ते त्या कामात होते आणि १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसकडून त्यांनी अमर चित्र कथा उभी केली. दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देव ठाऊक, पण रामाच्या आईचे नाव येईना, हे पाहून कल्पना सुचल्याचे ते सांगत. तरीही त्या मालेचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे. कृष्ण आला तो अकराव्या क्रमांकावर.

माझी कसोटी मोडली ती आठवीतल्या एका मुलाने. एका ऐतिहासिक चित्रकथेत राजा घोड्यावरून दौडत होता आणि चौकटीच्या माथ्यावर, राजा घोड्यावरून वेगाने निघाला, असे छापलेलेही होते. मुलगा म्हणाला, "सर, घोडा पळूलालाय ते दिसूलालंय की. मग वर लिवलंय कशाला?"

मी सवयीने "गप्प वाच" म्हणालो. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. एक जुने पोस्टकार्ड घेतले आणि मजकूर झाकून नुसती चित्रे पाहत गेलो. मग चित्रे झाकून नुसता मजकूर वाचला. तेव्हापासून प्रत्येक चित्रकथा मी अशी दोनदा वाचतो. मजकूर झाकल्यावर गोष्ट थांबली, तर ती चित्रकथा नव्हे. तो चित्रे चिकटवलेला धडा.

या परीक्षेत अमर चित्र कथेचे पितळ पुष्कळदा उघडे पडते. अपवाद आहेत. राम वाईरकरांचा कृष्ण शब्दांवाचून खोड्या करतो. प्रताप मुळीकांच्या शिवाजीतली माणसे अंगाने बोलतात. घोड्याच्या मानेवरून स्वाराची घाई कळते. पण कितीतरी अंकांत अर्धी चौकट मजकुराने व्यापलेली. शिवाय राक्षस काळे आणि सज्जन गोरे, ही वाटणी इतकी नेमाने येते, की उन्हात रताळी काढून रापलेल्या आमच्या पोरांनी आपला चेहरा कोणाच्या बाजूला शोधावा, हा प्रश्नच आहे.

त्याहून मोठे दुखणे भाषेचे. फुगा काढलेला असतो इंग्रजी वाक्याच्या मापाने. चित्र तेच ठेवून त्यात मराठी बसवायची. आपल्या वेलांट्या आणि रफार वरती जागा मागतात, उकार खालती मागतात. मग अक्षर बारीक करा नाहीतर वाक्य तोडा. वर अनुवाद असा, की मावळा कचेरीत अर्ज लिहिल्यासारखा बोलतो. एकदा कन्नड प्रतही आणली आणि आमच्या कन्नडच्या शिक्षकांना वाचायला दिली. ते हसून म्हणाले, "सर, आमचा राजाही अर्जच लिहितो."

इंद्रजालचा वेताळ मी पुन्हा वाचला तो पोस्टकार्ड हाती घेऊनच. ली फॉकची ही निर्मिती १९३६ची. मुखवट्यातला गोरा पुरुष पिढ्यान् पिढ्या आफ्रिकेतल्या टोळ्यांना न्याय देतो, या कल्पनेतली मिजास आज खटकते आणि खटकलीच पाहिजे. पण गोष्ट मजकूर झाकूनही चालू राहते. भारतीय वाचकाला डाचू नये म्हणून संपादकांनी बेंगालाचे देंकाली केले, सिंग चाच्यांचे सिंगा केले. म्हणजे वाचणारा कोण आहे, याचा विचार कोणीतरी केला होता. १९९०मध्ये हे प्रकाशन बंद पडले तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि ती बातमी मला वेताळाचा अंक मिळवणाऱ्या एका मित्राने सुतकी चेहऱ्याने सांगितली होती.

फुग्यातल्या मराठीला पैकीच्या पैकी गुण द्यायचे तर ते चिंटूला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली 'सकाळ'मध्ये ही चित्रमालिका सुरू केली. येथे अनुवाद नाही. फुगाच मराठी वाक्यासाठी काढलेला. मोजक्या रेषा आणि पोर खरोखर बोलते तसे बोलणे. तक्रार एकच, आणि ती कर्त्यांवर नाही. चिंटू पुण्याचा. त्याच्या बोलण्यावर आमची मुले हसतात, पण तसे बोलत नाहीत.

निपाणीजवळच्या भोजमध्ये १९२५ साली जन्मलेल्या शि. द. फडणीसांनी शब्दच वगळून हा पेच सोडवला. त्यांची चित्रे मी शिक्षकांच्या खोलीत लावली आहेत. कन्नडचे आणि मराठीचे शिक्षक एकाच ठिकाणी हसतात. मात्र 'पळूलालाय' म्हणणारा नायक मला अजून एकाही छापील फुग्यात भेटलेला नाही. दोष कोणाला द्यावा? निबंधाच्या वहीत तो शब्द लाल शाईने खोडून मी स्वतः वर्षानुवर्षे 'पळत आहे' लिहीत आलो.

सध्या कपाटातले चिंटूचे संग्रह फाटले आहेत, ते नव्याने घ्यायला हवेत. बोधपर अंक मात्र कोरे करकरीत आहेत. वाटेला लावलेल्या इंद्रजालचे अंक आता जुन्या बाजारात सांगतील त्या किमतीला घ्यावे लागतात. गेल्या शनिवारी एक मिळाला. मुखपृष्ठ नव्हते, शेवटचे पानही नव्हते. घेतला.