सबसिडी दिली म्हणून कारखाना आला का?

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार म्हटल्यावर महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. प्रस्तावित गुंतवणूक होती १ लाख ५४ हजार कोटींची. कोणी किती सवलती देऊ केल्या यावर महिनाभर भांडण चाललं. पुढे जुलै २०२३ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनने या भागीदारीतून अंग काढून घेतलं. म्हणजे जो आकडा आपण 'गमावला' म्हणून भांडलो, तो त्या रूपात गुजरातलाही मिळाला नाही.

जळगाव-धुळ्याकडच्या तुमच्यापैकी बरेच जण 'पेट'ची तयारी करताना असा विषय निवडतात: शासकीय सवलतींचा परकीय गुंतवणुकीवरील परिणाम. विषय चांगलाच आहे. पण त्यावरच्या बऱ्याच लिखाणात एक खोट सापडते, आणि ती सिनॉप्सिस लिहायच्या आधीच समजून घेतलेली बरी. सवलत दिली, कारखाना आला, म्हणून सवलतीमुळे कारखाना आला, असं त्यात धरलेलं असतं.

आपण सायन्सवाले साधं टायट्रेशन करतानाही ब्लँक घेतो. नमुना न घालता रीडिंग किती येतं ते आधी बघतो आणि मग वजा करतो. इथे ब्लँक म्हणजे काय? सवलत दिली नसती तर त्या कंपनीने काय केलं असतं, हे. तो प्रश्न न विचारता मांडलेला रोजगाराचा आकडा म्हणजे ब्लँक न घेता लिहिलेलं रीडिंग.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये तिथल्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा, की सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी साधारण २ ते २५ टक्के कंपन्यांचाच निर्णय सवलतीमुळे बदलतो. बाकीच्या तशाही आल्याच असत्या. आता एक काल्पनिक हिशोब करू. सरकारने १०० कोटी दिले आणि ५०० नोकऱ्या झाल्या. कागदावर एका नोकरीला २० लाख. पण २५ टक्केच नोकऱ्या खरोखर सवलतीमुळे झाल्या असतील, तर त्या १२५ होतात आणि एकीचा खर्च ८० लाखांवर जातो. १० टक्के धरले तर थेट २ कोटी. अमेरिकेचे टक्के आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण हा भागाकार करावाच लागेल.

महाराष्ट्रात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तालुक्यांचे अ पासून ड+ पर्यंत गट पाडलेले, आणि तालुका जितका मागे तितकी सवलत जास्त. तत्त्व रास्त आहे. पण सवलत कशावर मोजतात तेही बघा. २०१९ च्या योजनेत औद्योगिक प्रोत्साहन अनुदान हे राज्यात होणाऱ्या विक्रीवरच्या राज्य जीएसटीशी जोडलेलं आहे. म्हणजे जी परदेशी कंपनी इथे माल बनवून मुख्यतः निर्यातच करणार, तिच्यासाठी या अनुदानाचं वजन कमी. तेव्हा 'परकीय गुंतवणूकदाराला सबसिडी' असं मोघम लिहू नका. कोणती सबसिडी, कशावर मोजलेली, आणि कोणत्या प्रकारच्या कंपनीला ती घेता येते, हे आधी लिहा.

याचं उत्तम उदाहरण आपल्या साक्री तालुक्यातच उभं आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या काळात पवनऊर्जेला दोन प्रकारचं केंद्रीय प्रोत्साहन होतं. एक, पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा. याचा फायदा कोणाला? ज्याच्याकडे दुसऱ्या धंद्यातला मोठा करपात्र नफा आहे त्याला, म्हणजे देशातल्या प्रस्थापित कंपन्यांना. नव्याने कंपनी काढून फक्त वीज विकायला आलेल्या परदेशी गुंतवणूकदाराकडे वजावट घ्यायला नफाच नसतो. त्याच्या उपयोगाचं होतं ते दुसरं प्रोत्साहन: डिसेंबर २००९ मध्ये आलेलं, तयार झालेल्या विजेवर युनिटमागे ५० पैसे. दोन्हींतलं एकच घेता येत असे. पहिल्यात चक्की उभी केली की लाभ, दुसऱ्यात ती फिरली तर लाभ. सरकारने पैसा कोणत्या रूपात दिला, त्यावर कोण येणार आणि आल्यावर काय करणार हे बरंचसं ठरलं.

मार्च २०१२ अखेर दोन्ही सवलती थांबल्या. त्या आर्थिक वर्षात देशात सुमारे ३,२०० मेगावॅट पवनक्षमता वाढली होती, पुढच्या वर्षी जेमतेम १,७००. पुढे युनिटमागचं प्रोत्साहन २०१३ मध्ये आणि घसारा २०१४ मध्ये परत आणावा लागला. झालं की सिद्ध! असं वाटतं ना? थांबा. मुदत संपणार म्हणून पुढच्या वर्षीचे काही प्रकल्प घाईघाईने मार्चच्या आत उरकले गेले असतील, तर पहिला आकडा फुगलेला आणि दुसरा आक्रसलेला दिसणारच. शिवाय २०१२ मध्येच सुझलॉन स्वतः कर्जाच्या अडचणीत होती. सवलतीचा परिणाम होता हे मला मान्य आहे, पण तो या वजाबाकीइतका मोठा नाही. व्हायव्हात परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतील.

दुसरा प्रश्न, फायदा कोणाच्या नजरेतून मोजायचा? फिनलंडच्या नोकियाने जर्मनीतल्या बोखुममध्ये सरकारी अनुदान घेऊन कारखाना चालवला आणि जानेवारी २००८ मध्ये तो बंद करून रुमेनियातल्या क्लुजला जायचं जाहीर केलं. बोखुममध्ये सुमारे २,३०० लोक कामाला होते. राज्य सरकारने ४१ दशलक्ष युरो परत मागितले, शेवटी तडजोड झाली. आणि क्लुजचा कारखानाही २०११ मध्ये बंद करायचं ठरलं. क्लुजच्या हिशोबात जी नोकरी अधिक, ती बोखुमच्या हिशोबात उणे. युरोपच्या पातळीवर फारसं काही वाढलंच नाही.

आपल्याकडे हेच नवापूरला तपासता येईल. स्टेशनचा अर्धा भाग गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. सुरतेकडचे कापड उद्योजक अलीकडे नवापूरच्या एमआयडीसीत येताहेत. खान्देशाच्या दृष्टीने हा निव्वळ फायदा आहे, आणि मी तो कमी लेखणार नाही, कारण रोजगारासाठी सुरतेची गाडी पकडणारी आपलीच माणसं असतात. पण देशाच्या पातळीवर त्यातलं किती नवीन आणि किती नुसतं जागा बदललेलं, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्ही उत्तरं वेगवेगळी द्या, एकात एक मिसळू नका.

मग सवलती वाईटच का? नाही. ग्रीनस्टोन, हॉर्नबेक आणि मोरेटी यांनी २०१० च्या शोधनिबंधात मोठा कारखाना मिळवलेल्या अमेरिकी काउंट्यांची तुलना शेवटच्या फेरीत हरलेल्या काउंट्यांशी केली. पाच वर्षांनी जिंकलेल्या ठिकाणच्या जुन्या कारखान्यांची उत्पादकता सुमारे १२ टक्क्यांनी जास्त निघाली. शेजाऱ्यांनाही फायदा होऊ शकतो, हे त्यातून दिसतं. पण मला त्या निबंधात निष्कर्षाहून मोलाची वाटते ती तुलना. हरलेला स्पर्धक हाच त्यांचा ब्लँक.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये निदान एवढं असू द्या: सवलतीचा नेमका प्रकार, तुलनेसाठी सवलत न मिळालेला पण बाकी सारखा तालुका, सामंजस्य करारातल्या आकड्याऐवजी पाच वर्षांनी प्रत्यक्ष कामावर असलेली माणसं, आणि कंपनी निघून गेली तर पैसे परत घेण्याची अट होती की नाही. पाच वर्षांनंतरची आकडेवारी मिळवायला वेळ लागतो, माहिती अधिकाराचे अर्ज करावे लागतात. तेव्हा आधी एकच तालुका घ्या. साक्री घेतलात तर टॉवर मोजण्याबरोबरच वनजमिनीवरून तिथे आदिवासींनी केलेला संघर्षही हिशोबात धरा. खर्चाच्या रकान्यात तोही येतो, फक्त सरकारी तक्त्यात त्याला जागा नसते.