सिंगापुरातील दोन संग्रहालये

नातीने एम. ए. ला ‘पब्लिक हिस्टरी’ म्हणजे सार्वजनिक इतिहास घेतला, तेव्हा आम्ही दोघांनी एकच प्रश्न विचारला, वाचकहो, तुम्हीही तोच विचारला असता: याने पोट भरेल का? हे नाव 1976 च्या सुमारास कॅलिफोर्नियातले प्राध्यापक रॉबर्ट केली यांनी रूढ केले. वर्गाबाहेरच्या लोकांसाठी, म्हणजे संग्रहालये, दफ्तरखाने, रस्त्यांवरच्या पाट्या यांसाठी इतिहास तयार करायचा, असे ते शिक्षण. सिंगापुरात तिच्याकडे गेलो तेव्हा उत्तर न देता तिने आम्हांला सेरंगून रोडवर फिरवले.

कॅम्पबेल लेनमधले इंडियन हेरिटेज सेंटर 2015 साली उघडले. इमारतीची कल्पना आपल्याकडच्या बारवेवरून घेतली आहे. चेट्टिनाडचा कोरीव लाकडी दरवाजा एकदा पाहिला तर विसरणार नाही. मांडणी नेटकी आहे, पण आमच्या मते जरा जास्तच नेटकी: माणसे आली, कष्टली, देश घडवला. घरात काय शिजे, कोण कोणाशी कोणत्या भाषेत भांडे, हे आम्हांला अधिक ऐकायचे होते.

जवळच बेलिलिओस रोड आहे. कलकत्त्याहून आलेल्या एका ज्यू गुरांच्या व्यापाऱ्याचे हे आडनाव. हा भाग तेव्हा गोठ्यांचा होता, म्हणून शेजारी बफेलो रोड. आता कोपऱ्यावर वीरमाकालीअम्मनचे देऊळ आहे आणि फुलांचा वास. ज्यू माणसाच्या नावाच्या रस्त्यावर आम्ही नारळपाणी प्यालो, पण नात नसती तर आम्हांला काही कळले नसते. पाटीवर नुसते आडनाव.

तिथून वॉटर्लू स्ट्रीटवर गेलो. तिथली मशीद 1878 ची, नाव मागेन आबोथ. आपल्या अलिबागच्या मशिदीचेही तेच! क्षणभर माहेरी आल्यासारखे वाटले. शेजारी 2021 मध्ये सिंगापूरच्या ज्यूंचे संग्रहालय झाले. त्याचा भर बगदादी कुटुंबांवर आहे. 1955 चे पहिले मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल त्यांच्यातलेच. संग्रहालय लहान, पण जिव्हाळ्याचे.

आमची तक्रार दोन्हींबद्दल मिळून आहे. एकात हिंदी माणूस, दुसऱ्यात ज्यू माणूस. मराठी बोलणाऱ्या ज्यूने दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर उभे राहायचे काय? हा दोष कोणाच्या वाईट हेतूचा नाही. भिंती सांधण्याचे काम पगार देऊन कोणाकडून तरी करून घ्यावे लागते, एवढेच.

केहिमकरांचे उदाहरण घ्या. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला. तेल अवीवला छापून निघाला 1937 साली. चाळीस वर्षे! त्यांच्या हयातीत तो निघालाच नाही. इतिहास हा त्यांच्या पोटापाण्याचा धंदा नव्हता, आणि छापवून घेणे हेही कोणाचे काम नव्हते. सिंगापुरात मात्र 1979 पासून लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवणारे सरकारी खाते आहे. तिथे अशी माणसे नोकरीला असतात. पगार बँकेतल्याइतका नसेल, हे नातही कबूल करते.

त्या रात्री जेवणानंतर तिने टेबलावर फोन ठेवला आणि मलिद्याबद्दल विचारले. ताटात कोणती फळे मांडायची, यावरून आमचे दोघांचेच वाजले. रेवदंड्याची रीत वेगळी, पनवेलची वेगळी. तिने मुद्रण बंद केले नाही.