चौकटीबाहेर थांबवलेली माणसं

मंडळी, जुळे सोलापुरात कॅमेरा आणि संसार दोन्ही सांभाळणारे बरेच आहेत. ही दोन्ही ओझी एकाच गाडीत चढली की काय होतं, त्याबद्दल आज बोलायचं आहे. म्हणजे सहल घरच्यांची आणि फोटो निसर्गाचा. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपली निसर्गचित्रं फसतात ती घरचे बरोबर असतात म्हणून नाही, चौकट रिकामी करायच्या हट्टापायी फसतात.

नळदुर्गाचंच घ्या. हैदराबाद रस्त्यानं साधारण ४५ किलोमीटर. किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ च्या सुमाराचं काम. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी हे दोन धबधबे सुरू होतात. आतल्या खिडकीशी उभं राहिलं तर पाण्याचा पडदा डोळ्यांसमोरून कोसळतो. हे बघायला आपण जातो कधी? रविवारी, भर दुपारी. कडक भाकरी, शेंगाची चटणी बांधून, पोरांचं आवरून निघेपर्यंत अकरा वाजतात. फोटोग्राफीची पुस्तकं मात्र सांगतात, पहाटे जा नाहीतर मावळतीला जा. त्या पुस्तकांत डबा कुणीच भरत नाही.

एका श्रावणात आम्ही तिथे स्टँड लावून बसलो होतो. शटर सेकंदभर उघडं ठेवलं की पडतं पाणी दुधासारखं गुळगुळीत येतं, ते हवं होतं. अट एकच, मधे माणूस नको. घरच्यांना म्हटलं, दहा मिनिटं तिकडे थांबा. तास गेला. आमची धाकटी, तेव्हा सहा वर्षांची, कंटाळून इकडे यायला निघाली आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. एका अनोळखी बाईंनी दंडाला धरून वर ओढलं म्हणून निभावलं. आम्ही दहा हातांवर, कॅमेऱ्याला डोळा लावून. ओरडा कानावर आला तेव्हा मनात पहिलं आलं ते हे, की आता मधे कोण कडमडलं? हे सांगायला बरं वाटत नाही. पण ते लपवून इतरांच्या फोटोंवर टीका कशी करणार?

त्या दिवसाचे दोन फोटो घरात आहेत. आमचा नीटनेटका आहे. पाणी रेशमी, दगड काळेभोर. पण तो नळदुर्गचा कशावरून? कुठल्याही धबधब्याचा चालेल. आणि पाण्याचा जोर, जो बघायला आपण गेलो, तोच त्या गुळगुळीतपणात पुसला गेला. दुसरा मंडळींनी मोबाइलवर काढलेला. आकाश पांढरं फटक, कडेला कुणाची तरी छत्री. पण कानावर हात दाबलेली थोरली त्यात आहे, आणि तिच्याकडे बघून त्या पाण्याचा आवाज ऐकू येतो.

आता लगेच घरगुती फोटोची आरती ओवाळू नका हं. चौघांना रांगेत उभं करून "हसा" म्हटलं की मागचा किल्ला स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासारखा होतो. तोही फसलेलाच फोटो.

या रिकाम्या चौकटीचे भक्त अॅन्सल अॅडम्सचं नाव घेतात. घ्यावंच, माणूस मोठा. पण त्याची गोष्ट पुरती बघा. १९१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो आईवडिलांबरोबर योसेमिटीला सहलीला गेला आणि तिथे त्यांनी कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा त्याच्या हातात दिला. सुरुवातच घरच्या सहलीतली. पुढे १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना गाडीत त्याचा आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि एक मित्र होते. वर चंद्र, खाली क्रुसांवर मावळतीचं ऊन. गाडी कडेला घेतली, दोघांना सामानासाठी पिटाळलं. लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजावरून हिशेब केला. एक फोटो मिळाला. दुसऱ्याची तयारी होईपर्यंत ऊन गेलं. जगभर गाजलेलं हे निसर्गचित्र. त्यात मायकेल नाही, पण ते रिकामंही नाही. घरं आहेत, चर्च आहे, गाव जिथे आपली माणसं पुरतं ती जागा आहे. आपण त्यातून चंद्र आणि शांतता तेवढी उचलली.

कुणी म्हणेल, मग एकट्यानं जावं. जावं की! नान्नजच्या माळावर पहाटे पक्षी बघायचे तर एकटंच जावं. फक्त त्याला घरच्यांची सहल म्हणू नये.

हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात. शके ९४० चा मराठी शिलालेख तिथलाच. त्या संगमाचे आमचे कितीतरी रिकामे फोटो आहेत, आणि एकातही नदीचं पात्र केवढं ते कळत नाही. कळतं ते एकाच फोटोत. खाली कोपऱ्यात सासूबाई पाठमोऱ्या बसून डबा उघडतायत, अंगठ्याएवढ्या दिसतात, आणि त्यांच्यापुढे पाणी पसरत गेलंय. तेव्हा आम्ही त्यांना बाजूला व्हायला सांगणार होतो. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या तिथेच राहिल्या.

येत्या रविवारी पुन्हा कुडलला निघालोय. स्टँड न्यायचा की नाही यावर घरात अजून एकमत नाही. धाकटी म्हणते, न्या, पण पाच मिनिटं, घड्याळ लावून. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.